अस्थी, कण आणि कसूर

नाशकास रामकुंडात जेथे अस्थिविलयतीर्थ मानले जाते तेथे सोडलेल्या अस्थी थोड्याच अवधीत जळरूप होतात ही श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असून, गंगेवर, म्हणजे गोदावरीकाठी, दशक्रियेस आलेला यजमान ती निःशंक मनाने स्वीकारतो. परंतु अलीकडे अस्थी सावडताना रक्षेत कधी कधी खुब्याच्या कृत्रिम सांध्याची काळवंडलेली दांडी आणि तिच्या टोकावरचा गुळगुळीत गोळा हाती येतो, आणि तो कलशात घालावा की वगळावा, या प्रश्नापाशी उपाध्यायही क्षणभर अडतात. माझ्या मते वगळावा. विधी हाडांसाठी आहे. विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे: हाच सांधा देह जिवंत असताना त्याच्या हाडांचा विलय घडवू शकतो.

चालताना धातूचा गोळा पॉलिइथिलीनच्या वाटीत फिरतो आणि झिजेतून एका मायक्रॉनहूनही सूक्ष्म असे असंख्य कण सुटतात. ते विषारी नव्हेत. रासायनिकदृष्ट्या जवळजवळ उदासीनच. भक्षकपेशी आपल्या रिवाजाप्रमाणे त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या जी संदेशद्रव्ये सोडतात त्यांच्या हुकमाने अस्थिभक्षक पेशी शेजारचे निरोगी हाड विरघळवू लागतात, आणि पुष्कळदा वेदनेची वर्दीही न देता सांधा सैल होत जातो. इंग्लंडात शल्यविशारद जॉन चार्नली यांच्या टेफ्लॉनच्या वाट्या अशाच अल्पावधीत झिजल्या, तेव्हा 1962 साली त्यांनी पॉलिइथिलीन पत्करले, आणि दोन्ही पदार्थांचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेऊन टेफ्लॉनभोवती गाठ धरते हे पाहिले. याला तपश्चर्या म्हणण्यास मी कचरणार नाही.

मग कसूर कोणाची? पांडवलेण्यांतल्या बौद्ध भिक्षूंच्या परंपरेत चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. म्हसरूळच्या गजपंथावर जाणाऱ्या जैन यात्रेकरूचे शास्त्र हिंसेच्या मुळाशी प्रमाद पाहते. येथे हेतू नाही आणि प्रमादही नाही. कण निश्चेष्ट, पेशी कर्तव्यतत्पर, आणि हाड मात्र गेले. स्वधर्माचे निष्ठेने आचरण केल्यास अनर्थ टळतो असे मानणाऱ्यांनी हा दाखला शांतपणे पाहावा, कारण येथे अनर्थ निष्ठेतूनच उपजला आहे. वैद्यकालाही आरोपीवाचून चैन पडत नाही: पुष्कळ वर्षे सांधा बसवण्याच्या सिमेंटवर ठपका होता, ‘सिमेंट-रोग’ असे नावही रूढ झाले होते, पुढे सिमेंटविना बसवलेल्या सांध्यांभोवतीही तसेच खळगे आढळले, तेव्हा दप्तरातले ते नाव खोडून तेथे कणांचे लिहिले गेले.