वसईच्या दुभाष्याचा सण

कॅथलिक पंचांगात ६ फेब्रुवारी हा जपानमधील २६ रक्तसाक्षींचा स्मरणदिन आहे. जगभरच्या चर्चमध्ये तो ‘संत पॉल मिकी आणि सोबती’ या नावाने पाळतात. या सोबत्यांत एक जण वसईचे होते. गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत. गास येथील चर्च त्यांच्याच नावाचे आहे, आणि वसईकर ख्रिस्ती घरांत त्यांच्याविषयी गावच्या माणसाविषयी बोलावे तशा आपुलकीने बोलले जाते.

संताचा सण सहसा त्याच्या मृत्यूच्या दिवशी येतो, कारण चर्च त्या दिवसाला त्याचा स्वर्गातील जन्मदिवस मानते. ही प्रथा फार जुनी आहे. स्मर्णा येथील बिशप पॉलिकार्प यांच्या मृत्यूच्या दुसऱ्या शतकातील वृत्तांतात, त्यांच्या अस्थींपाशी दरवर्षी आनंदाने जमण्याचा उल्लेख आढळतो. या सव्वीस जणांच्या नागासाकीतील वधाची तारीख ५ फेब्रुवारी १५९७. पण ५ तारखेला संत अगाथा यांचा सण असल्याने हे स्मरण एक दिवस पुढे ठेवले गेले. त्या दिवशी मिस्सेला धर्मगुरू लाल वस्त्रे परिधान करतात. जिथे संत त्या चर्चचा आश्रयदाता असतो, तिथे साध्या स्मरणदिनाचा मोठा सण होतो. आधी नऊ दिवसांची नोव्हेना, मग सणाची मिस्सा, आणि पाहुण्यांनी भरलेली घरे.

ज्यांच्यासाठी हे सारे, त्यांचे आयुष्य मात्र मानापमानाच्या वेगळ्याच वाटेने गेले. गोन्सालो यांचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज सैनिक, आई याच भागातील. शिक्षण वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंकडे झाले आणि किशोरवयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केल्यावर त्यांनी येशूसंघात प्रवेश मागितला. तो मिळाला नाही. भारतात जन्मलेल्या आणि मिश्र वंशाच्या तरुणांना संघात घ्यायला त्या काळचे वरिष्ठ सहसा राजी नसत. ज्या संघाला त्यांचे श्रम आणि त्यांची जीभ चालत होती, त्याला ते स्वतः चालले नाहीत, ही गोष्ट सणाच्या प्रवचनात सहसा घाईने उरकली जाते. ती तशी उरकू नये. जात, वंश, बोली यांवरून माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवण्याची सवय चर्चमध्ये होती, आणि ज्याला बाहेर ठेवले तोच पुढे संत म्हणून वेदीवर चढला, हे या सणाच्या अर्थाचे अंग आहे.

नकारानंतर गोन्सालो व्यापारात शिरले आणि पूर्वेकडील बंदरांत त्यांचा चांगला जम बसला. तरीही मूळची ओढ सुटली नाही. मनिलात ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. धर्मगुरू ते कधीच झाले नाहीत. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरचे दूत म्हणून फादर पेद्रो बाउतिस्ता जपानला निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो बरोबर होते. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यापुढे फादर जे बोलत, ते गोन्सालो यांच्या तोंडून पोहोचत असे. पुढे क्योटोमध्ये फ्रान्सिस्कनांनी चर्च बांधले आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढले.

ऑक्टोबर १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटले. माल जप्त झाला, वाद पेटला. आधी मिशनरी येतात आणि मागून स्पेनचे सैन्य येते, असे जहाजाचा सुकाणूदार बोलून गेला, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, हिदेयोशीचा संशय निराधार नव्हता. क्रूस आणि तलवार एकाच जहाजातून येताना आशियाने पाहिले होते. खुद्द वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, आणि त्या राजवटीत देवळे पाडली गेली, धर्मावरून जाचही झाला. वसईच्या संताचा सण साजरा करताना हा इतिहास झाकायचे कारण नाही. उलट तो समोर ठेवला, तरच गोन्सालो यांचे वेगळेपण कळते. त्यांचा जन्म चर्चच्या हाती सत्ता असलेल्या गावात झाला आणि मृत्यू चर्चच्या हाती काहीच नसलेल्या गावात. सण आहे तो या दुसऱ्या गावातील साक्षीचा.

डिसेंबर १५९६ मध्ये हिदेयोशीच्या हुकमावरून ख्रिस्तींची धरपकड झाली. पकडलेल्या चोवीस जणांचे डावे कान अर्धवट कापून त्यांची क्योटोत धिंड काढली गेली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. सुमारे महिनाभराची ती वाट होती. वाटेत आणखी दोघे त्यांच्यात आले. या सव्वीसांत सहा फ्रान्सिस्कन, येशूसंघाचे तिघे आणि बाकीचे सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत लुई इबाराकी अवघ्या बारा वर्षांचा होता. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्यांना क्रुसांना बांधून भाल्यांनी मारले गेले. क्रुसावरून पॉल मिकी यांनी मारणाऱ्यांना आणि हिदेयोशीला क्षमा केली. रक्तसाक्षी म्हणून चर्च ज्याला मान देते, त्याची कसोटी इथे दिसते. नुसते मरण पुरत नाही, कारण कोणत्याही बाजूसाठी मरणारे पुष्कळ असतात. श्रद्धेसाठी, मारणाऱ्याविषयी मनात वैर न ठेवता सोसलेले मरण हवे.

पोप आठवे अर्बन यांनी १६२७ मध्ये या सव्वीसांना धन्यवादित घोषित केले आणि पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी संतपद दिले. त्यानंतर तीन वर्षांतच नागासाकीत ओउरा येथे त्यांना वाहिलेले चर्च उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी त्या चर्चमध्ये काही गावकरी आले आणि आपणही ख्रिस्ती असल्याचे त्यांनी फ्रेंच धर्मगुरूंना हळूच सांगितले. बंदीच्या अडीचशे वर्षांत, बहुतांश काळ एकही धर्मगुरू नसताना, त्यांच्या पूर्वजांनी श्रद्धा घराघरांत जपली होती. वसईतही १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या विजयानंतर पोर्तुगीज सत्ता गेली, किल्ल्यातील चर्च ओस पडली. गावांतील ख्रिस्ती मात्र राहिले आणि त्यांची प्रार्थना हळूहळू मराठीत रुजली. सत्तेच्या आधारावाचून धर्म टिकतो, याचे हे दोन पुरावे दोन किनाऱ्यांवर आहेत.

गोन्सालो यांच्यासारख्या दुभाष्याची गरज आजही आहे. आजच्या वसई-विरारमध्ये परप्रांतांतून आलेले, इथली भाषा न येणारे हजारो लोक राहतात. रुग्णालयाच्या खिडकीशी, शाळेच्या दाराशी, पोलीस चौकीत त्यांचे म्हणणे कोणाला समजत नाही. संत गोन्सालो यांची नोव्हेना करणाऱ्या प्रत्येक घराने यंदा अशा एका कुटुंबाचा दुभाषी व्हावे आणि सणाच्या पंगतीला त्यांना बोलवावे.