सोडून दिलेला मासा

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या ईशान्य कोपऱ्यात ‘हार्लेम मीर’ नावाचे सुमारे ११ एकरांचे तळे आहे. काठावरच्या डेना केंद्रात हंगामात गळाची काठी आणि आमिषासाठी मक्याचे दाणे विनामूल्य मिळतात. शाळकरी मुले आणि त्यांचे आजोबा पाण्याकडे डोळे लावून बसलेले असतात. गळाला सनफिश लागतो, कधी बास लागतो आणि तो लगेच पाण्यात सोडावा लागतो. शहराच्या उद्यानांतील तळ्यांचा तसा नियमच आहे. गळाला उलटा काटा असू नये, शिशाचे वजन वापरू नये, हीही बंधने आहेत.

समुद्रकाठी वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे ऐकून पहिला प्रश्न पडतो तो असा: सोडायचाच होता, तर पकडला कशाला? प्रश्न भाबडा वाटतो. पण तो नीतीच्या मुळाशी जाणारा आहे. कोळी मासा मारतो, कारण त्याच्या आणि इतरांच्या घरी चूल पेटायची असते. उद्यानातील माणूस मासा मारत नाही. मात्र आपल्या करमणुकीसाठी त्याच्या ओठात गळ रुतवतो. या दोघांत अधिक दयाळू कोण?

माशाला वेदना होत नाहीत, असे म्हणून पूर्वी ही चर्चा मिटवता येत असे. २००३ मध्ये लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ट्राउट माशांवर प्रयोग केले. ओठांत दाहक द्रव्य टोचल्यावर काही माशांनी तळाच्या खड्यांवर ओठ घासले. खाणेही बराच वेळ टाकले. याचा अर्थ काय लावावा याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत; परंतु ‘त्याला काय कळते?’ असे आता सहज म्हणता येत नाही. स्वित्झर्लंडने तर २००८ च्या नियमावलीत सोडून देण्याच्या हेतूनेच मासे धरण्यास मनाई केली. अन्नासाठी प्राणी मारणे चर्चला मान्य आहे. विनाकारण यातना देणे मात्र मनुष्याला शोभत नाही, असे १९९२ ची धर्मशिकवण सांगते.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. सिमेंटच्या जंगलात वाढणाऱ्या मुलाला पाण्याखालीही एक जग जगते आहे, हे कोण सांगणार? गळ धरून बसलेला मुलगा वाट पाहायला शिकतो. ओल्या हातांनी, खवले न दुखावता मासा धरायला शिकतो. ज्याला त्याने एकदा हातात घेतले, त्याच्या तळ्यात कचरा टाकताना त्याचा हात अडखळेल. हे थोडे नव्हे.

सोडून देणे हीच दया, असेही नाही. २०१३ मध्ये याच हार्लेम मीरच्या काठी फलक लागले: ‘स्नेकहेड’ सापडल्यास तो सोडू नका, अधिकाऱ्यांना कळवा. आपल्या मरळीच्याच कुळातला हा परदेशी मासा तळ्यातील इतर जिवांना भारी पडला असता. तेथे सोडून देणे हाच बेजबाबदारपणा ठरला.

म्हणून मला वाटते, गळ टाकणाऱ्याने सोडण्याच्या क्षणाला दया म्हणू नये. मासा सोडल्याने आपण काही घेतले नाही एवढेच सिद्ध होते. काही दुखावले नाही, हे सिद्ध होत नाही. भूक हे स्पष्ट कारण आहे, करमणूक हे फार दुबळे कारण. दुबळ्या कारणासाठी जो दुसऱ्या जिवाला त्रास देतो, त्याच्यावर काळजीची जबाबदारी अधिक येते. आणि जे काठावर बसून नुसते पाहिल्याने शिकता येते, त्यासाठी गळाची गरज उरत नाही.

माणसांच्या बाबतीतही आपण असेच फसतो. शब्दाने कुणाला बोचतो, मग ‘गंमत केली’ म्हणून मोकळे होतो. मासा पाण्यात दिसेनासा होतो, म्हणून आपल्याला हलके वाटते. त्याच्या ओठावरची खूण मात्र त्याच्याबरोबरच जाते.