उसनी वर्षे

जुनेपण विकत घेता येते काय? अमेरिकेतील फेंडर कंपनीने १९९५ साली मुद्दाम झिजवलेल्या, रंग उडवलेल्या इलेक्ट्रिक गिटारी बाजारात आणल्या. कोऱ्या गिटारीहून त्यांना पुष्कळदा अधिक किंमत येते. कंपनी काही लपवीत नाही. म्हणून ही फसवणूक नव्हे. गुळगुळीत केलेली मान हाताला सुखावते, हेही आम्हांस मान्य आहे. मिरजेचे कारागीरही तंबोऱ्याचा भोपळा वाळवूनच घेतात. तो काळ नादासाठी खर्ची पडतो. ओरखड्याचे तसे नाही. ओरखडा ही साक्ष असते, आणि न घडलेल्या गोष्टीची साक्ष आम्हांस रुचत नाही. आपल्या तामसीतील घरांत पितळी घागरींना पोचे आहेत. ते पाणी वाहता वाहता पडले. वाद्य कोरेच घ्यावे. त्यावरचे व्रण आपल्या रियाजाने उमटू द्यावेत.