सामूहिक प्रकल्प आणि सिद्धतेची जबाबदारी

पदवीच्या अखेरच्या सत्रात गणिताच्या विद्यार्थ्यांना तिघाचौघांच्या गटांत विभागावे आणि एकेका गटाकडून एकेका विषयावर प्रकल्प करवून घ्यावा, ही पद्धती आज अनेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत स्थान मिळवून आहे. आणि ज्या विषयाचा उपासक म्हटला की दार लावून एकटाच चिंतन करीत बसलेला मनुष्य डोळ्यांपुढे येतो, त्या विषयाच्या अध्यापकांनी तिच्याकडे काहीशा साशंकतेने पाहावे, हेही स्वाभाविक आहे. परंतु या साशंकतेचा रोख चुकला आहे, असे मला वाटते. चौघांनी मिळून गणित करण्यात वावगे काही नाही. वावगे आहे ते त्या कामाची चार हिश्शांत वाटणी करून हिश्शाबरहुकूम गुण देण्याच्या आपल्या रिवाजात.

गणितातील सहकार्याचा सर्वांत उज्ज्वल दाखला केंब्रिजच्या हार्डी आणि लिटलवुड यांचा. १९११च्या सुमारास सुरू झालेले आणि पस्तीस वर्षे टिकलेले त्यांचे सहकार्य ज्या करारावर उभे होते, त्याची चार कलमे डेन्मार्कचे गणिती हाराल्ड बोर यांनी नमूद करून ठेवली आहेत: एकाने दुसऱ्याला लिहिलेले बरोबर की चूक, याला महत्त्व नाही, आलेल्या पत्राला उत्तर देण्याचे, किंबहुना ते वाचण्याचेही, बंधन नाही, दोघांनी शक्यतो एकाच तपशिलावर विचार करू नये, आणि दोघांच्या नावे प्रसिद्ध होणाऱ्या लेखात एकाने काडीचाही भाग उचलला नसला तरी हरकत नाही. यांतील चौथे कलम विद्यापीठाच्या परीक्षा विभागापुढे ठेवले, तर ते क्षणभरही मान्य होणार नाही. आणि ते मान्य न करण्याचा अधिकार विद्यापीठाला आहे, कारण पदवीचा दाखला प्रत्येकाला स्वतंत्रपणे द्यावयाचा असतो आणि दुसऱ्याच्या जिवावर तो मिळविणारा विद्यार्थी हा कल्पनेतला प्राणी नाही. म्हणून मग तजवीज अशी केली जाते की अहवालाच्या अखेरीस कोणी काय केले याचा तक्ता जोडावा, सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण द्यावेत आणि परीक्षकांनी ज्याला त्याला त्याच्या प्रकरणावरच प्रश्न विचारावेत. ही तजवीज सद्हेतूने झाली असली, तरी तिचा परिणाम एवढाच होतो की प्रकल्प म्हणून हाती येते ते एका मुखपृष्ठाखाली शिवलेल्या चार निबंधांचे बाड.

गणितात यामुळे जे नुकसान होते, ते इतर विषयांहून अधिक का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास ‘बीजगणिता’त विस्ताराने सांगितलेली चक्रवाल पद्धती हा अशा प्रकल्पासाठी फार उत्तम विषय आहे. क्ष² − ६१य² = १ या समीकरणाची सर्वांत लहान धन पूर्णांक उत्तरे क्ष = १७६६३१९०४९ आणि य = २२६१५३९८० ही आहेत, आणि चक्रवालाने ती मोजक्या पायऱ्यांत कागदावर काढता येतात. समजा, चौघांनी काम वाटून घेतले: एकाने ब्रह्मगुप्ताची भावना, म्हणजे दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे उत्पन्न करण्याचा नियम, सिद्ध केला; दुसऱ्याने गणन करणारी संगणक-आज्ञावली लिहिली; तिसऱ्या विद्यार्थिनीने चक्र अखेरीस एकवर येऊन थांबते याची सिद्धता दिली; चौथ्याने वितत अपूर्णांकांशी असलेला संबंध दाखविला. अ² − नब² = क अशी संख्यात्रयी हाती असता, अ + बम ला क ने निःशेष भाग जाईल असा म निवडावयाचा आणि भागाकाराने पुढची त्रयी मिळवावयाची, ही चक्रवालाची पायरी. तिथे म² − न लाही क ने निःशेष भाग गेला पाहिजे. तो जातो खरा. परंतु त्याची नेहमीची सिद्धता ब आणि क यांना सामाईक विभाजक नसल्याच्या अटीवर उभी आहे, आणि ही अट प्रत्येक पायरीनंतर टिकून राहते, हे निराळे दाखवावे लागते. हे दाखवावयाचे कोणी? आज्ञावली लिहिणाऱ्याला त्याची गरज भासत नाही, कारण ६१साठी यंत्राचे भागाकार निर्वेधपणे जुळतात. समाप्तीची सिद्धता देणारी विद्यार्थिनी नव्या संख्या पूर्णांक आहेत असे धरूनच आरंभ करते, कारण ते ‘आधीच्या प्रकरणात’ झाले असेल अशी तिची समजूत असते. आणि आधीच्या प्रकरणाच्या लेखकाच्या वाट्याला तर केवळ भावना आलेली असते. चारही प्रकरणे आपापल्या जागी निर्दोष, आणि तरीही समग्र प्रमेय असिद्ध!

अशी फट केवळ विद्यार्थ्यांच्याच कामात राहते असेही नाही. ‘फायनाइट सिंपल ग्रुप्स’च्या वर्गीकरणाचे प्रचंड कार्य सुमारे शंभर गणितींनी दहा हजारांवर पृष्ठांत विभागून केले, ते पूर्ण झाल्याची घोषणा १९८०च्या दशकाच्या आरंभी झाली, आणि त्यातील ‘क्वासिथिन’ नावाच्या प्रकाराची सिद्धता अपुरीच राहिली होती, ती अॅशबाकर आणि स्मिथ यांनी दोन जाडजूड खंडांत २००४ साली पुरी केली. ज्या क्षेत्रातील श्रेष्ठांनाही हे चुकले नाही, त्या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला जोडावर नजर ठेवण्याची सवय विद्यापीठाने लावावयाची नाही, तर कोणी?

चौघांनी मिळून लिहून दिलेल्या कर्जरोख्यात सावकार ज्याप्रमाणे चौघांपैकी कोणाकडेही संपूर्ण रकमेची मागणी करू शकतो, त्याप्रमाणे प्रकल्पावर सही करणाऱ्या प्रत्येकाने संपूर्ण सिद्धतेचा जामीन राहावे, अशी माझी सूचना आहे. काम वाटून घ्यावयास माझी हरकत नाही. हार्डी-लिटलवुड यांचे तिसरे कलम तर ते वाटूनच घ्या म्हणते. परंतु तोंडी परीक्षेत ज्याला त्याला दुसऱ्याने लिहिलेल्या प्रकरणावर प्रश्न विचारावेत, खडू त्याच्या हाती द्यावा, आणि सत्राच्या आरंभीच तशी स्पष्ट सूचना द्यावी. एवढे केले की दुसऱ्याच्या जिवावर तरून जाणाऱ्याचा प्रश्नही बव्हंशी सुटतो, कारण काम न करणाऱ्याला लपावयास स्वतःचे असे प्रकरणच उरत नाही. आणि हुशार विद्यार्थ्यावर, आपल्याला जे उमगले ते मागे राहिलेल्या सहकाऱ्याला पटेपर्यंत उकलून सांगण्याची जबाबदारी येते. या उकलण्यातच त्याच्या स्वतःच्या समजुतीतील उणिवा उघड्या पडतात. ‘हे उघड आहे’ असे वहीत लिहिता येते. समोर बसलेला सोबती ‘मला उघड दिसत नाही’ म्हणाला, म्हणजे मात्र तसे म्हणून सुटका नसते.

पॅरिसमध्ये १९३४-३५च्या सुमारास एकत्र येऊन ‘बुरबाकी’ या कल्पित नावाने ग्रंथलेखन करणाऱ्या फ्रेंच गणितींनी हेच तत्त्व निराळ्या रीतीने अंगीकारले होते. एकाने लिहिलेला मसुदा सभेत ओळीने मोठ्याने वाचला जाई, त्याच्यावर निर्दय टीका होई, आणि पुढचा मसुदा दुसऱ्याच सभासदाकडे सोपविला जाई. एकाच प्रकरणावर अनेक हात फिरल्यामुळे ते कोणा एकाचे राहत नसे. सत्राच्या मध्यावर एकदा तरी प्रकरणांची अशी अदलाबदल आपल्या प्रकल्पांत सक्तीची करावी.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. टेक्सास विद्यापीठाचे रॉबर्ट ली मूर आपल्या विद्यार्थ्यांना पुस्तके वाचण्याची आणि आपसात चर्चा करण्याची मनाई करीत, आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्यांच्या हाताखालून थोर गणिती तयार झाले. एकट्याने झगडल्यावाचून गणित अंगी मुरत नाही, हे मला मान्य आहे, आणि प्रकल्पाच्या वेळापत्रकात सभा-बैठकांपासून मुक्त असे काही आठवडे राखून ठेवावेत, असेही मी म्हणेन. परंतु मूर यांच्या वर्गातही अखेरीस विद्यार्थ्याला फळ्यापाशी उभे राहून सर्वांच्या शंकांपुढे आपली सिद्धता टिकवावी लागे. एकांत शोधापुरता होता. सिद्धतेचा फैसला वर्गात होई.

खरी अडचण वेळेची आहे. चौघांच्या गटाची अशी परीक्षा घ्यावयाची म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि ज्या महाविद्यालयांत गणिताचे दोनतीनच अध्यापक, तेथे तो कोठून काढावयाचा? विद्यापीठाने हे तास अध्यापकाच्या कार्यभारात रीतसर धरले पाहिजेत. तसा हुकूम निघेपर्यंत अहवालाचा आकार तरी आवरावा. शंभर पानांचा ग्रंथ कोणी मागितलेला नाही. ज्याची संपूर्ण सिद्धता पंधरा-वीस पानांत मावेल असाच विषय गटाला द्यावा, म्हणजे त्यातील प्रत्येक ओळ चौघांनाही, आणि परीक्षकालाही, खरोखर वाचून होईल.