दोन बोटे आणि काष्टा

लॅटिन मिस्सेचा आग्रह धरणाऱ्या पारंपरिक कॅथॉलिकांमध्ये, मुख्यतः फ्रान्स आणि अमेरिकेत, स्त्रियांचा वेश जवळजवळ ठरून गेला आहे. पायघोळ स्कर्ट, कोपर झाकणारी बाही, मिस्सेला डोक्यावर लेसचा मँटिला. कारण विचारले तर उत्तर येते शालीनता, आणि शालीनतेचे माप म्हणून गळ्याच्या खळगीखाली दोन बोटे हा नियम पोपच्या नावावर सांगितला जातो. पोप अकरावे पायस यांच्या काळात, १२ जानेवारी १९३० रोजी, रोमहून निघालेले मूळ पत्र कडकच आहे. अशोभनीय वेशातल्या स्त्रीला ख्रिस्तप्रसाद नाकारावा इथवर ते जाते. पण त्यात दोन बोटे कुठेच नाहीत. धर्मगुरूंनी आणि आईबापांनी काय करावे हे ते सांगते, शिंप्याने कापड किती बेतावे हे नाही.

मग माप इतके प्रिय का? मला वाटते, झाकण्याची भाषा बोलली जाते, पण खरी चिंता ओळखीची असते. १९१७च्या धर्मसंहितेत स्त्रियांनी चर्चमध्ये डोके झाकावे असे होते, आणि त्याच कलमात पुरुषांनी डोके उघडे ठेवावे असेही होते. (१९८३च्या संहितेत ते कलमच उरले नाही.) एकाच वेदीपुढे एकाने झाकायचे आणि दुसऱ्याने उघडायचे, यात कापडापेक्षा खूण महत्त्वाची. जेनोव्हाचे कार्डिनल सिरी यांनी १९६० मध्ये बायकांच्या विजारीविरुद्ध पत्रक काढले. त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले की त्या वेळच्या स्कर्टपेक्षा विजार अंग जास्तच झाकते. त्यांची मुख्य भीती वेगळी होती: पुरुषाचा वेश घालून बाईचे मन पुरुषासारखे होईल.

आता ही खूण वसईत आणून पाहावी. तिथल्या कॅथॉलिक स्त्रियांचे पारंपरिक लुगडे काष्ट्याचे, म्हणजे दोन पायांत विभागलेले. जेनोव्हाच्या नजरेला ते विजारीच्या जवळचे वाटेल. वसईत मात्र तेच बाईपणाचे लक्षण. पुरुषी काय आणि बायकी काय, हे कापड स्वतः सांगत नाही, गाव सांगते. गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने फर्मान काढून स्थानिक ख्रिस्ती पुरुषांचे धोतर आणि बायकांची चोळी यांवर बंदी घातली. तक्रार अंग दिसते ही नव्हती, हिंदूंसारखे दिसता ही होती. म्हणजे चर्चनेही वस्त्राकडे पाहिले ते ओळखपत्र म्हणूनच.

यावर आक्षेप येईल की सगळे रिवाजावर सोडले तर आजचा रिवाज बाजार ठरवतो, मग मर्यादा कुठे उरली? आक्षेप वजनदार आहे. बारावे पायस यांनीही १९५७ मध्ये फॅशनच्या व्यावसायिकांपुढे बोलताना बजावले होते की शैली कितीही बदलली तरी सदसद्विवेकाची एक मर्यादा कायम राहते. मात्र रिवाज आणि बाजार एक नव्हेत. संत थॉमस अक्वायनस वेशाचा दोष ठरवताना आपण ज्या लोकांत राहतो त्यांच्या रिवाजाकडे बोट दाखवतात. असा रिवाज एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांत घडतो. जाहिरातीला शेजारी नसतात. त्या दृष्टीने पारंपरिक कॅथॉलिक कुटुंबे आपला वेगळा रिवाज उभारत असतील, आणि पुष्कळ तरुणी तो स्वखुशीने स्वीकारत असतील, तर त्यात वावगे काही नाही. फक्त तो अलीकडे उभारलेला रिवाज आहे हे मान्य करावे. शेतातल्या कामाला एक वेश आणि रविवारच्या मिस्सेला दुसरा, एवढी सवलत प्रत्येक जुना रिवाज देत आला आहे; माप देत नाही.

राहता राहिला शास्त्राधार. तिमथीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातला उतारा यासाठी नेहमी पुढे केला जातो. तिथे शालीनतेच्या जोडीला नाव घेऊन हरकत घेतली आहे ती गुंफलेल्या केसांवर, सोन्यामोत्यांवर आणि उंची वस्त्रांवर, म्हणजे श्रीमंती मिरवण्यावर. गुडघ्याचा तिथे उल्लेखही नाही. दोन बोटांच्या चर्चेत लेसच्या मँटिलाची किंमत मात्र सहसा निघत नाही.