रिकाम्या शाळेवर हक्क कुणाचा?

न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम वस्तीला तिथले पोर्तो रिकन रहिवासी 'एल बार्रिओ' म्हणतात. अर्थ साधा, आपला मोहल्ला. या मोहल्ल्यातली 'पी. एस. १०९' ही १८९८ सालची सरकारी शाळा १९९५ मध्ये बंद झाली. इमारत पाडायचे ठरले होते. वस्तीतल्या लोकांनी ते होऊ दिले नाही. पुढे 'आर्टस्पेस' या ना-नफा संस्थेने स्थानिकांना सोबत घेऊन तिथे कलावंतांसाठी परवडणारी ८९ घरे केली. सुमारे ५ कोटी २० लाख डॉलर खर्च आला. घरातच काम करता येईल एवढी जागा प्रत्येकाला मिळाली. या ८९ घरांसाठी त्रेपन्न हजारांवर अर्ज आले.

बातमी म्हणून हे वाचायला बरे वाटते. पण आम्हाला त्यातला नैतिक प्रश्न अस्वस्थ करतो. मुलांसाठी बांधलेली वास्तू दुसऱ्याला देण्याचा अधिकार कुणाला? आणि द्यायचीच तर चित्रकाराला, नर्तकाला का? हमालाला, मोलकरणीला का नाही?

यावर विचार करायला आपल्याकडे वक्फची कल्पना आहे. वक्फ केलेली मालमत्ता विकायची नसते, वारशाने वाटायची नसते. वाकिफाने घातलेली अट पाळायची असते. मात्र ती मालमत्ता निरुपयोगी झाली तर हनफी फिकहने इस्तिबदालची, म्हणजे बदलाची, वाट मोकळी ठेवली आहे. मालमत्ता बदलली तरी हेतू टिकला पाहिजे. सरकारी शाळा काही वक्फ नव्हे, हे आम्ही जाणतो. पण ती कुणीतरी दिलेलीच असते. कर भरणारा प्रत्येक माणूस तिचा दाता असतो आणि शिक्षण ही त्याची अट असते.

या कसोटीवर पाहिले तर कलावंताचे घर मूळ हेतूपासून फार दूर नाही; पण एका अटीवर. त्याच्या कलेचे दार मोहल्ल्याला उघडे हवे. एल बार्रिओत निम्मी घरे वस्तीतल्याच रहिवाशांसाठी राखली गेली, उत्पन्नाची मर्यादा घातली गेली, शिवाय इमारतीत सांस्कृतिक कामांसाठी जागा ठेवली गेली. म्हणजे कलावंत श्रमिकापेक्षा थोर, असे तिथे कुणी म्हटले नाही. तोही त्याच वस्तीतला भाडे न परवडणारा माणूस आहे, एवढेच मानले. ते आम्हाला पटते. कलेला टाळ्या देणारा समाज कलावंताला छप्पर देताना हात आखडतो, हे फडावर आयुष्य काढणाऱ्या आपल्या तमासगिरांना कुणी सांगायला नको.

तरीही त्रेपन्न हजारांचा आकडा विसरता येत नाही. सोडतीत ज्यांचे नाव निघाले नाही त्यांच्यावर ८९ जणांनी अन्याय केला नाही. अन्याय घरांच्या टंचाईचा आहे. पण एक इमारत सजवून टंचाई सुटल्याचे समाधान मानले, तर ती आत्मवंचना ठरेल.

त्याहून कठीण प्रश्न आपल्या दाराशी आहे. मुंबई महापालिकेच्या कितीतरी मराठी शाळा पटाअभावी बंद पडत गेल्या. अशा वेळी इमारतीचे काय करायचे, हे नंतर विचारावे. आधी विचारावे, शाळा रिकामी झाली की रिकामी केली गेली? वस्तीत मुले आहेत, पण शिक्षक नाहीत, पाणी नाही, संडास धड नाही. म्हणून पालकांनी ऐपत नसताना खाजगी शाळेची फी भरली आणि वर्ग ओस पडले, तर ती वास्तू निरुपयोगी झालेलीच नाही. तिच्यावरचा मुलांचा हक्क संपलेला नाही. तिथे इस्तिबदाल लागू होत नाही. तिथे हवी ती दुरुस्ती.

मुलेच उरली नसतील, तर मात्र कुलूप लावून भिंती कोसळण्याची वाट पाहणे किंवा बिल्डरच्या हाती सोपवणे, दोन्ही अमानतीत खयानतच. तेव्हा ती जागा मोहल्ल्याला विचारून, मोहल्ल्यातल्या गरजवंतांना द्यावी. त्यांत कलावंतही असावेत. आणि त्यांनी संध्याकाळी चार मुलांना जवळ बसवून काही शिकवावे, म्हणजे दात्याची अट पाळली जाईल.