उपवास आणि कट्यार

जावा बेटावर 'केरिस' नावाची कट्यार घडवण्याआधी लोहार, तिथला 'एम्पू', परंपरेनं उपवास करतो. हे वाचलं आणि अडखळले. उपवास आपल्याही घरचा. पण तो शस्त्रासाठी?

काम मात्र बघत राहावं असं. साधं लोखंड आणि निकेलचं लोखंड यांचे थर तापवून, ठोकून एकजीव करायचे. काही नक्ष्यांसाठी ती कांब वातीसारखी पिळायची. शेवटी लिंबाचा रस आणि सोमल लावला की लोखंड काळवंडतं, निकेल पांढरं उमटतं. ही नक्षी म्हणजे 'पामोर'. एकीचं नाव तर 'बेरास वुताह', सांडलेले तांदूळ! फिलिपाइन्समधल्या मोरो लोकांच्या तलवारींतही असे पीळ दिसतात.

केरिस आता वारसा म्हणून जपतात, लग्नात नवरदेव कमरेला खोचतो. ऋषभदेवांनीही असि-मसि-कृषि शिकवली, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. पण आपल्याकडे शस्त्र दुसऱ्याला देणंसुद्धा हिंसादान, आणि कृत-कारितासोबत अनुमोदनाही मोजतात. मग माझ्या तोंडून निघालेलं "अगं बाई, किती सुंदर!" कशात धरायचं? पिळाचं कौतुक वेगळं, धारेचं वेगळं, असं मनाला सांगून पाहिलं. पण त्या नक्षीच्या दोन पदरांमध्येच पोलादाची पट्टी दडलेली असते. धार तिचीच.